उशीखालचा मुराळी

मी बोलतोय, पण जरा हळू. मोठ्यानं बोललो तर सापडेन, आणि मला सापडायचं नाही. सध्या मी कमलनगरात एका म्हातारीच्या उशीखाली आहे. वर कापूस, खाली गोधडी आणि मधल्या सपाट अंधारात मी. इथं मला कुणी ठेवलं आणि मी मुकाट्यानं का पडून आहे, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. मागं जाणं मला नवीन नाही. भेटेल त्याला मागे वळायला सांगण्यातच माझा जन्म गेला.

मी वाट दाखवणारं यंत्र. मोटारसायकलच्या हँडलवर बसतो, आकाशातल्या उपग्रहांना विचारून आपण कुठं आहोत ते ठरवतो आणि पुढं कुठं वळायचं ते सांगतो. लोक मला जीपीएस म्हणतात. बीदरच्या नौबाद भागात ज्या घरात मी नांदलो, तिथं मात्र मी 'डबी'. पानाची डबी, तंबाखूची डबी, तशी ही वाटेची डबी. माझ्या पोटातला आवाज एका हिंदी बाईचा आहे, त्याला माझा इलाज नाही.

जन्म कुठल्या तरी दूरदेशीच्या कारखान्यातला. तिथून मी हैदराबादला आलो आणि एका हौशी माणसाच्या हाती पडलो. त्याला लडाखला जायचं होतं. त्यानं महिनाभर खपून सगळा रस्ता माझ्या पोटात भरला, मित्रांना दाखवला, माझ्यासाठी मऊ पिशवी शिवून घेतली आणि गेलाच नाही. आधी रजा मिळेना, मग पाठ दुखायला लागली. मी कपाटात, सदऱ्यांच्या घडीखाली पडून राहिलो. न चाललेली वाट पोटात घेऊन अंधारात बसणं काय असतं ते मला विचारा. हिमालय पोटात आणि नाकासमोर डांबराच्या गोळ्या.

मग त्यानं मला विकलं आणि हरिओमनं घेतलं.

हरिओम बीदरच्या एका घाऊक औषध दुकानात कामाला. आठवडाभर गोळ्यांची खोकी उचलायची आणि रविवार उजाडला की चारपाच मित्रांबरोबर मोटारसायकल काढायची, ही त्याची चैन. चिंचोळीच्या जंगलात नाहीतर औरादकडच्या माळावर मोबाइलचं नेटवर्क दगा देतं, उन्हात तो तापून बंद पडतो. म्हणून मी. माणूस स्वभावानं गरीब. घरात आवाज चढला की हा हळूच बाहेर जाऊन गाडी पुसायला लागायचा. त्यामुळं गाडी कायम चकाचक असायची.

पण मला खरं चालवलं ते त्यानं नाही, त्याच्या बायकोनं. दीपमाला लग्नाआधी कमलनगरात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. सासरी आली तेव्हा रुखवतात तिचा जुना कॉम्प्युटरही आला. नौबादच्या घरात तो बैठकीच्या कोपऱ्यात बसला, आणि सासूबाईंनी, म्हणजे सोजराबाईंनी, त्याला जुन्या साडीचं झाकण शिवलं. हरिओमला रस्ता आखायचा कंटाळा. एकदा तिनं त्याच्या हातून माउस घेतला तो परत दिलाच नाही.

तिचं काम बघत राहावं असं. आधी ती नकाशावर निघायची जागा आणि पोहोचायची जागा टाकायची. कॉम्प्युटर लगेच मध्ये निळी रेघ ओढायचा. ही रेघ आळशी असते, हमरस्ता सोडायला तयार नसते. मग दीपमाला तिला मधोमध धरायची आणि तलावाच्या काठानं, चिंचेच्या झाडीतून, हवी तिकडं ओढायची. ओढलेली रेघ सुटू नये म्हणून ठिपके ठोकायची. ठिपके दोन जातींचे असतात. एक बोलका: तिथं गाडी गेलीच पाहिजे, चुकवला तर मी 'मागे वळा' म्हणून पिच्छा पुरवतो. दुसरा मुका: तो रस्त्याला नुसता आपल्याकडं ओढून धरतो, आणि गाडी जवळून गेली की झालं. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

रेघ मनासारखी झाली की ती तारेचं एक टोक कॉम्प्युटरला आणि दुसरं माझ्या पोटाला लावायची. त्याच तारेतून वाट यायची, त्याच तारेतून वीज. माझं जेवण आणि माझं काम एकाच ताटात वाढलेलं. आमच्या जातीला आगाऊपणाही असतो. कुणी वाट हातात दिली की आम्ही ती आमच्या अकलेनं पुन्हा मांडतो आणि गुपचूप हमरस्ता धरतो. दीपमालानं ते ओळखलं होतं. ती इतके ठिपके ठोकायची की मला हलायला जागा उरत नसे.

पहिल्याच खेपेला मात्र फजिती झाली. कलबुर्गीच्या रस्त्यावर मध्ये दुभाजक आहे. दीपमालाचा बोलका ठिपका केसभर सरकून पलीकडच्या बाजूला पडला. झालं. मी म्हणतोय वापस मुड़ें, ही मंडळी वळली, तर ठिपका पुन्हा पलीकडं. पाच गाड्या एका पंक्चरच्या दुकानाभोवती घाण्याच्या बैलासारख्या फिरत राहिल्या. शेवटी पंक्चरवाला उठून आला आणि म्हणाला, "काय हरवलंय का साहेब? मीबी बगू का?" संध्याकाळी घरी हे सांगताना हरिओम पोट धरून हसला. दीपमालाही हसली, पण तेव्हापासून नकाशा पुरता मोठा केल्याशिवाय तिनं कधी ठिपका टाकला नाही.

एवढे रस्ते आखणारी ही बाई स्वतः कुठं जायची, ते ऐका. किराणा दुकान, गिरणी, फार तर बीदरचा दवाखाना. माहेर कमलनगरला, गाडीवर जेमतेम दीड तास. पण माउलीच्या लग्नापासून तिनं माहेरचा उंबरा पाहिला नव्हता.

माउली हा तिचा धाकटा भाऊ. त्याच्या लग्नात फेटे बांधायची वेळ आली तेव्हा नवरदेवाच्या दोस्तांनी फेटे आधीच आपापल्या डोक्यांना गुंडाळून घेतले होते. दीपमालाचे वडील राजपाल. त्यांनी गडबडीत व्याह्यांच्या, म्हणजे हरिओमच्या वडलांच्या, हातात टॉवेल-टोपी ठेवली आणि ते अक्षता वाटायला पळाले. हरिओमचे वडील भगवानराव. लेकीच्या सासऱ्याला, भर मांडवात, चुलत्या-मावसांच्या रांगेतली टॉवेल-टोपी. भगवानराव जेवले नाहीत. निघताना म्हणाले, "आजपासून तुमच्या माणसानं आमच्या दारात यायचं न्हाई." राजपालही काही कमी नव्हते. म्हणाले, "बोलावल्याबिगर येत बी न्हाई."

आता आमच्याकडं लेक माहेरी जाते ती मुराळ्याबरोबर. माहेराहून तिला न्यायला येणारा माणूस तो मुराळी. बहुतेक भाऊच. त्याला सासरी पाय धुवायला पाणी द्यायचं, जेवू घालायचं, मगच लेक त्याच्या हवाली करायची. आणि ज्यानं नेलं त्यानंच आणून घालायचं. माउलीला दार बंद, त्यामुळं मुराळी नाही. मुराळी नाही, त्यामुळं दीपमालाला माहेर नाही.

बस होती की, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं. नौबादहून भालकीची बस सुटते, पुढं कमलनगरला जीप मिळते. पण सोजराबाई एकदा पोळ्या लाटताना म्हणाल्या होत्या, "लेक आपल्या पायानं माहेरी गेली की गाव काय म्हणतंय? भांडून आली म्हणतंय. तुझ्या मायलाच खाली बगाय लागंल बाई." सोजराबाई हे दुष्टपणानं बोलल्या नाहीत. त्यांनी स्वतः असे किती सण खिडकीत उभं राहून काढले असतील, ते त्यांनाच ठाऊक.

म्हणजे दीपमालाला दोन दारं होती आणि दोन्हींना बाहेरून कडी. मला तिचं दुःख कळायचं, कारण मीही हँडलवरच्या चिमट्यात आवळलेला. जग पुढून पळत येतं आणि बाजूनं निघून जातं, आपण जागच्या जागी.

मग तिनं एक गोष्ट सुरू केली. रस्ता कुठलाही असो, ती तो कमलनगरावरून न्यायला लागली. उदगीरला कमलनगरावरून, ते ठीक. औरादला कमलनगरावरून, तेही चालून जाईल. पण कलबुर्गी एकीकडं आणि कमलनगर अगदी उलट्या टोकाला. याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. हरिओमचा मित्र मंजुनाथ एकदा घरी येऊन नकाशा बघत म्हणाला, "वहिनी, कलबुर्गीला जायाला कमलनगर कामून लागायलंय?"

"तिकडचा रस्ता चांगला हाय भाऊजी," ती म्हणाली.

तिकडच्या रस्त्याला खड्डे मोजायला माणूस ठेवावा लागेल, हे मंजुनाथला माहीत होतं. त्यानं हरिओमकडं पाहिलं. हरिओम गाडी पुसायला गेला. मग मंजुनाथही पुन्हा काही बोलला नाही, आणि ती सगळी मंडळी दर रविवारी आधी कमलनगरचे खड्डे खाऊन मगच जिकडं जायचं तिकडं जायची. चांगली माणसं होती.

माहेरचं घर रस्त्यालगतच. पुढं ओसरी, ओसरीवर बाज, आणि बाजेवर दीपमालाची माय. तिथं दीपमालानं मुका ठिपका टाकलेला असायचा, मी काही बोलत नसे. हरिओम गाडी हळू करायचा. माय डोळ्यांवर हात धरून बघायची आणि जावयाची गाडी ओळखून हात वर करायची. तो मान हलवून पुढं जायचा. थांबला तर चहा घ्यावा लागणार, चहा घेतला तर गाव बोलणार आणि वडलांच्या, म्हणजे अप्पांच्या, कानावर जाणार. एवढा सगळा विचार तो त्या एका वळणावर करायचा.

घरी आल्यावर दीपमाला मला तारेला जोडायची. गाडी जिथून गेली तिथून मी एक रेघ उमटवत आणतो, ती कॉम्प्युटरवर उघडायची. बाकी शंभर मैलांशी तिला देणंघेणं नसे. ती थेट माहेरच्या दारापर्यंत नकाशा मोठा करायची.

"माय दिसली का?"

"दिसली."

"काय करायलती?"

"तूर निवडायलती."

"लुगडं कोणतं व्हतं?"

"ते न्हाई बगितलं मी."

"बगत जावा की," ती म्हणायची आणि त्या रेघेवर बोट ठेवायची. काचेवर तिच्या बोटाचा ठसा उमटायचा, तो ती पदरानं पुसायची.

आषाढात माउलीचा फोन आला. मायच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. उदगीरच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं, जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. आता फोनचाही उपयोग उरला नाही. माउली व्हिडिओ लावून मोबाइल मायच्या तोंडापुढं धरायचा. माय बघायची, बघायची, आणि डावा हात मोबाइलच्या मागं नेऊन चाचपायची. लेक मागं कुठंतरी उभी असेल असं तिला वाटत असावं. दीपमाला इकडं तोंडात पदर कोंबून बसायची.

हरिओम एकदा वडलांपुढं जाऊन उभा राहिला. "अप्पा," एवढंच म्हणाला. भगवानरावांनी पेपर खाली घेतला नाही. "मी कुठं अडवलंय? मुराळी येऊ दे, जाऊ दे तिला," ते पेपराआडून म्हणाले. तिकडं राजपाल म्हणत होते की त्यांनी बोलवावं, मुराळी लगेच धाडतो. दोघांनाही कळत होतं, दोघांनाही वाईट वाटत होतं, आणि दोघंही आपापल्या शब्दात गुडघ्यापर्यंत रुतले होते.

"चोरून नेऊ का तुला?" हरिओमनं बायकोला विचारलं.

"चोरून गेले तर मायला कळंल. माज्या तोंडावर दिसंल," ती म्हणाली. "ती रडंल. मला तिच्यापशी बसायचंय, रडवायचं न्हाई."

पंचमी तोंडावर आली. लेकींचा सण. गल्लीत रोज कुणाचा ना कुणाचा भाऊ येत होता, बॅगा निघत होत्या. आदल्या रविवारी मंडळी चिंचोळीच्या धरणाकडं जाणार होती. दीपमालानं रस्ता आखायला घेतला. मी तारेला लटकून बघत होतो. तिनं कमलनगरचा मुका ठिपका धरला, थोडा वेळ तशीच बसली, आणि तो बोलका केला. ठिपक्याला नाव देता येतं. आजवर तिनं ते कधी दिलं नव्हतं. या वेळी तिनं लिहिलं: माय.

सकाळी हरिओमनं मला हँडलवर आवळलं आणि मित्रांबरोबर तो चिंचोळीच्या रस्त्याला लागला. आता कमलनगर कशाला, आज सरळच जाऊ, असं त्याच्या मनात असावं. मायला तसं पडलेलं बघवत नव्हतं त्याला. पहिल्याच फाट्यावर मी त्याच्या हेल्मेटात बोललो, "जहाँ हो सके, वापस मुड़ें." त्यानं ऐकलं नाही. मी पुन्हा बोललो. माझ्या पडद्यावर 'माय' हे नाव होतं आणि त्यापुढं अंतर. एरवी ते अंतर कमी होत जातं, माणसाला बरं वाटतं. त्या दिवशी ते वाढत चाललं होतं.

मन्नाएखेळीला चहासाठी थांबले. मित्र मिरचीभजी खात होते. हरिओम गाडीवरच बसून माझ्याकडं बघत राहिला. ठिपका गाळायचं एक बटण असतं. दाबलं की मी त्या जागेचं नाव पुन्हा काढत नाही. त्याचा अंगठा त्या बटणावर आला, तिथंच थांबला.

"काय झालं अण्णा? डबी बिघडली का?" मंजुनाथनं विचारलं.

"न्हाई. डबी बराबर हाय," हरिओम म्हणाला. "तुम्ही व्हा म्होरं."

त्यानं गाडी वळवली. मी इतक्या जणांना मागं वळायला सांगितलं, पण वळणाऱ्याचा श्वास असा कानाजवळ कधी ऐकला नव्हता.

कमलनगरला पोहोचलो तेव्हा ओसरीवर तिघं होते. राजपाल खुर्चीत, माउली मायच्या पायाशी, आणि बाजेवर माय. मी माझ्या हिंदी आवाजात सांगितलं की आप पहुँच गए हैं. हरिओमनं मला चिमट्यातून सोडवून हातात घेतलं आणि माउलीच्या लग्नानंतर तो या दारात पहिल्यांदाच उतरला.

"दाजी? एकटेच?" माउली उठला.

"तिला न्यायला चल," हरिओम म्हणाला. "आत्ता चल."

माउली चप्पल घालायला लागला. राजपालांनी हात आडवा केला. "जावईबापू, तुमचं खरं हाय. पर तुमच्या वडलांनी दार बंद केलंय. ह्यो गेला अन् त्यांनी दारातून परतवला, तर लेकीचं जाणं जन्माचं तुटंल. त्यांनी एक शबूद टाकावा."

"ते टाकायचे न्हाईत."

"मग माज्यानं बी व्हायचं न्हाई," राजपाल म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. माउली एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिला.

तेव्हा मायनं डावा हात पुढं केला. हरिओमला वाटलं, तिला त्याचा हात धरायचाय. तिनं मला धरलं. सुरकुतलेल्या बोटांनी माझी काच चाचपली. पडद्यावर अजून नाव होतं. तिला अक्षरओळख होती की नाही मला माहीत नाही, पण तिनं ते बराच वेळ बघितलं. मग आपल्या कपाळाला बोट लावलं, माझ्या कपाळाला लावलं, आणि आतल्या खोलीकडं दाखवलं.

"मामीला कुंकू पायजे," माउलीची बायको ज्योती सासूकडं बघत म्हणाली आणि करंडा घेऊन आली. मायनं डाव्या हातानं माझ्या काचेवर, अगदी मधोमध, कुंकू लावलं. मग कमरेची किल्ली काढून ज्योतीला दिली. ट्रंक उघडली. तळातून एक फेटा निघाला, जरीकाठी, कोराकरकरीत, वर 'नौबादचे व्याही' अशी आहेराची चिठ्ठी टाचलेली. लग्नाच्या दिवशी व्याह्यांसाठी मायनं तो वेगळा काढून ट्रंकेत जपला होता. ती आत ओट्या भरण्यात अडकली, किल्ली कमरेला, आणि बाहेर टॉवेल-टोपीनं घात केला. तिनं फेटा आणि मला, दोघांना एकत्र हरिओमच्या ओंजळीत ठेवलं आणि हातानं 'जा' म्हणून सांगितलं.

राजपाल बघत राहिले. "अगं, डबी कुठं मुराळी असती व्हय?" ते म्हणाले. मग जरा थांबून स्वतःशीच म्हणाले, "असती. आमच्या आज्याचा पाय मोडलता तवा त्यानं गाडीसंग नुसती आपली काठी धाडली व्हती. काठी बगून आत्या आली." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "घेऊन जावा जावईबापू. आमचा मुराळी हाय ह्यो."

नौबादला हरिओम आत गेला नाही. एका हातावर मी, कपाळी कुंकू, दुसऱ्या काखेत फेटा. दारातूनच त्यानं हाक मारली, "माय, पाणी आण. मुराळी आलाय."

सोजराबाई तांब्या घेऊन आल्या आणि मला बघून थबकल्या. पदर तोंडावर धरला. हसल्या की रडल्या ते मला दिसलं नाही, पण त्यांनी खरोखरच माझ्या बुडाशी चूळभर पाणी ओतलं. मी पावसापाण्याला पक्का आहे, म्हणून वाचलो. दीपमाला स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होती. तिचे हात पिठाचे होते.

भगवानराव पेपर ठेवून बाहेर आले. "कुठं हाय मुराळी?"

"ह्यो काय."

"डबी?" भगवानरावांचा आवाज चढला. "राजपालला माणूस मिळाला न्हाई?"

हरिओम या वेळी गाडी पुसायला गेला नाही. तो तिथंच उभा राहिला. "माणसाला तुम्ही दारात येऊ नको म्हणलाव अप्पा," तो म्हणाला. "डबीला न्हाई म्हणलाव."

मग त्यानं फेटा पुढं केला. "हिच्या मायनं लग्नाच्याच दिशी तुमच्यासाटी वेगळा काढून ठिवलता. ट्रंकेत ऱ्हायला."

भगवानरावांनी फेटा घेतला. जरीचा काठ बोटांनी चाचपला, घडी उलटून बघितली, पुन्हा सुलट केली. एका म्हातारीनं अर्ध्या अंगानं एवढं केलं होतं. आता नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं? ते सोजराबाईंकडं वळले आणि म्हणाले, "बगत काय बसलाव? मुराळ्याला जेवू घाला. बिनजेवता धाडायची पद्धत न्हाई आपल्यात."

माझ्यापुढं पाट मांडला, ताट वाढलं. शेंगापोळी होती, वर तूप. मला तोंड नाही, तरी इतका मान मला कुणी दिला नव्हता. नंतर दीपमालानं मला तारेला जोडून माझं खरं जेवण दिलं. सासऱ्यांच्या पाया पडली तेव्हा ते म्हणाले, "आठ दिस. अन् ज्यानं नेली त्यानंच आणून घालायची. ध्यानात ठिव." तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि त्यावर साडीचं झाकण घातलं.

सकाळी हरिओमनं मला हँडलवर बसवलं. मुराळी पुढं हवाच. "लावू का ह्याला?" त्यानं विचारलं.

"नगं," मागं बसलेली दीपमाला म्हणाली. "मला ठावं हाय वाट."

म्हणजे जी एक वाट मला खरोखर दाखवायची होती, ती मी बंद पडद्यानं पार केली. वाईट वाटलं का? वाटलं. पण नवरदेवाची घोडी तरी कुठं वरात बघते, असं म्हणून मी गप्प बसलो. ओसरीशी गाडी थांबली. बाज करकरली; दीपमाला मायपाशी जाऊन बसली होती.

पंचमी झाली. दीपमाला मायला न्हाऊ घालायची, पेज भरवायची, तिच्या डाव्या हातावर मेंदी काढायची. गप्पा एकटीच मारायची. माय डोळ्यांनी हुंकार भरायची. मला ओसरीच्या कोनाड्यात ठेवलं होतं, कुंकू तसंच. आठवा दिवस जवळ आला, आणि दुपारी सगळे जेवायला आत असताना मायनं डावा हात लांब केला, मला कोनाड्यातून उचललं आणि उशीखाली घातलं. तिची वाचा गेली होती, अक्कल नाही. ज्यानं नेलं त्यानंच आणून घालायचं, ही रीत तिला पाठ होती.

हरिओम न्यायला आला. डबी कुठं? कोनाडा बघितला, ट्रंक बघितली, माउलीनं तुरीची पोती हलवली. माय डोळे मिटून पडली होती, इतकी गाढ की संशय यावा. दीपमाला उशी सारखी करायला वाकली आणि तिचा हात माझ्यावर पडला. ती थांबली. मायनं डोळे उघडले. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग दीपमालानं हात काढून घेतला, उशी नीट केली आणि वरून थोपटली.

"न्हाई सापडली," ती म्हणाली.

हरिओमनं उशीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि वडलांना फोन लावला. "अप्पा, मुराळी सापडंना झालाय."

पलीकडं पेपराची घडी वाजली. "मग सापडंपतोर ऱ्हाऊ दे तिला," भगवानराव म्हणाले. "मुराळ्याबिगर कशी येईल ती?" सोजराबाई फोनवर सांगतात की ते तो फेटा घालून दोन कार्यांना जाऊन आले, आणि रोज संध्याकाळी विचारतात, सापडला का. सापडला नाही म्हटलं की बरं म्हणतात.

तर असा मी. तार नौबादला राहिली, वीज संपत आलीय. उशीखालून आकाश दिसत नाही, उपग्रह मला ओळख देत नाहीत. कायम कुठं ना कुठं अडकलेलाच होतो, कपाटात, चिमट्यात, तारेला. इथंही अडकलोय, पण इथून सुटायचं नाव मी काढत नाही. म्हातारीचा श्वास उशीतून खाली येतो, पहिल्यापेक्षा हळू झालाय. तो चालू आहे तोवर मला इथंच राहायचंय.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी. कधी कमलनगरवरून गेलात, ओसरीवर एक बाज दिसली, शेजारी भरवत बसलेली लेक दिसली, तर पुढं जा. कुणी डबीबद्दल विचारलं तर माहीत नाही म्हणा. आत्ताच मायचा डावा हात उशीखाली आला, मी आहे ना ते चाचपून गेला. आता तो लेकीच्या हातात आहे.